जुनी आवडती गेम परत कशी खेळायची, खास करून कायम दुसरा रिमोट मिळालेल्यांनी

कोणी विचारलं ना की तुझी फेवरेट गेम कोणती, तर आपण सगळे थोडी थाप मारतो. अगदी खोटं नाही बोलत, पण भारदस्त उत्तर देतो. मी कित्येक वर्षं 'एज ऑफ एम्पायर्स टू' सांगायचे, इतिहास आहे, स्ट्रॅटेजी आहे, ऐकणाऱ्यालाही वाटतं बाई हुशार आहे. आणि आवडायची पण ती, हॉस्टेलला लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, रात्र रात्र खेळलोय. पण खरी आवडती गेम वेगळीच होती आणि ती मी लहानपणी एकदाही पूर्ण केली नव्हती, तिच्यात मी बहुतेक वेळ मेलेलीच असायचे. गेल्या वर्षी ठरवलं की ती शोधून परत खेळायची आणि ती का डोक्यातून जात नाही ते पण बघायचं. त्यात बऱ्याच चुका झाल्या, थोडे पैसेही पाण्यात गेले, तर तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी, गेमची यादी करायला बसू नका. यादी केली की मारिओ, व्हाइस सिटी, काउंटर स्ट्राइक, आयजीआय, रोड रॅश असंच येणार, सगळ्यांची यादी तीच आहे कारण सगळ्यांनी त्याच सीडी एकमेकांकडून कॉपी केल्या. त्यापेक्षा खोली आठवा. टीव्ही कुठे होता, बाजूला कोण बसलेलं, खेळ बंद करा म्हणून ओरडायला कोण यायचं, हे आठवलं की गेम आपोआप येते.

माझी खोली म्हणजे मिरजेला आत्याकडचा हॉल. मे महिना, पंखा फुल, लाकडी शटरवाला टीव्ही, त्याच्या समोर सतरंजी आणि सतरंजीवर तो टीव्ही गेम. अडॅप्टर इतका तापायचा की आत्या येऊन आधी त्याला हात लावायची मग टीव्हीच्या पाठीला, आणि मग "पिक्चर ट्यूब जाईल रे मेल्यांनो" सुरू व्हायचं. पहिला रिमोट आतेभावाचा, म्हणजे दादाचा, कारण घर त्याचं, गेम त्याची. मला दुसरा. आता त्या टीव्ही गेमच्या डब्यांचं एक होतं, सगळ्यांनाच आठवत नसेल. ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशिनची नक्कल होते आणि मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नव्हती, त्या जागी एक छोटा माईक होता. आमच्या डब्यावाल्याने माईक गाळला आणि बटणांचा अभाव तेवढा ठेवला. म्हणजे काय तर मला गेम सुरू करता यायची नाही, थांबवता पण यायची नाही. पाणी प्यायला जायचं असलं तरी "दादा पॉज कर ना" म्हणायचं. तो करायचा नाही.

गेम होती 'कॉन्ट्रा', दोघांनी मिळून शत्रूंना गोळ्या घालत पुढे जायची. निळ्या पँटचा दादा, लाल पँटची मी. प्रत्येकी तीन लाईफ आणि एक गोळी लागली की मेलात, एनर्जीची पट्टी बिट्टी काही नाही. पहिल्या स्टेजला खाली पाणी आहे तिथे उभं राहून खालचं बटण दाबलं की माणूस बुडी मारतो आणि गोळी लागतच नाही, मी अर्धी स्टेज तिथेच काढायचे. दादाचं म्हणणं की मी काही कामाची नाही. बरोबरच होतं. आणि माझ्या लाईफ संपल्या की ए दाबून त्याच्यातली एक घेता यायची, त्यावरून जी मारामारी व्हायची ती गेममधल्यापेक्षा मोठी.

पण खरा राडा तिसऱ्या स्टेजला, धबधब्याच्या. पहिली स्टेज आडवी, दुसरी बोगद्याची, आणि ही उभी. दगडावरून दगडावर उड्या मारत वर चढायचं. आणि स्क्रीन फक्त वर सरकते, खाली परत येत नाही. म्हणजे दोघांपैकी एक भराभर वर गेला की मागे राहिलेला स्क्रीनच्या खाली जातो आणि काही चूक नसताना मरतो. शत्रूने नाही मारलं, आपल्याच माणसाने मारलं. दादा वर चढायचा, मी खाली "थांब ना, थांब ना" करत मरायचे, मग त्याची एक लाईफ घेऊन परत यायचे आणि परत तेच. ही खोली आठवल्याबरोबर मला कळलं की माझी गेम ही आहे. तुमची कदाचित सायबर कॅफेतली असेल, व्हाइस सिटीचं ते रिमोटचं हेलिकॉप्टर उडवून चार बॉम्ब लावायचं मिशन आणि मागे उभी असलेली पाच पोरं जी तुम्हाला शिकवतायत. पाच पोरांसकट आठवा, मिशन एकटं आठवून उपयोग नाही.

आता दुसरं काम, गेमचं खरं नाव शोधणे. हे कठीण असू शकतं कारण डब्यात घालायच्या गेमच्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १' आणि आत गेम सात, बाकी तीच तीच वेगळ्या नावाने. दुकानातसुद्धा नावं आपलीच चालायची. 'टँकवाली' म्हणजे 'बॅटल सिटी', नामकोची, १९८५ ची, विटांच्या मागे गरुड असतो तो वाचवायचा, एका स्टेजला वीस टँक. तिच्यात 'कन्स्ट्रक्शन' म्हणून ऑप्शन होता, स्वतःची स्टेज बनवता यायची, आणि आम्ही सगळे गरुडाभोवती लोखंड लावायचो हे सांगायला नको. 'सर्कसवाली' म्हणजे 'सर्कस चार्ली'. 'गाडीवाली', वरून दिसते आणि पेट्रोल संपतं ती 'रोड फायटर'. 'मातीत मोटरसायकल' म्हणजे 'एक्साईटबाइक'. नाव आठवत नसेल तर दिसायची कशी ते मराठीत कागदावर लिहा, बर्फ होता का, बंदूक कुठल्या हातात, मेल्यावर आवाज कसला, मग त्याच काळातल्या गेम्सचे व्हिडिओ चाळा. आवाज ऐकल्यावर एका सेकंदात कळतं. चित्र फसवतं, आवाज नाही फसवत.

आवृत्तीचाही घोळ असतो. कॉन्ट्रा मुळात १९८७ ची, कोनामीची, आर्केडमधे उभं राहून खेळायची गेम, घरच्या मशिनवर १९८८ ला आली. जपानी आवृत्तीत जंगलातली झाडं हलतात, बर्फाच्या स्टेजला बर्फ पडतो, स्टेजच्या मधे नकाशा दाखवतात, आणि अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही. मी आधी अमेरिकन लावली आणि अर्धा तास वाटत राहिलं की काहीतरी चुकतंय, आपल्याला भास होतायत का. तर भास नव्हते, आमच्या कॅसेटमधे झाडं हलायची.

मिळवायची कुठून. इथे मी शहाणपणा केला आणि बाजारातून एक 'दहा हजार गेमवाला' डबा घेतला, अठराशे रुपये, टीव्हीच्या एचडीएमआयला लावायचा. बटण दाबलं की माणूस किंचित उशिरा उडी मारायचा. कॉन्ट्रामधे किंचित उशीर म्हणजे मरण. चार दिवसांनी एक रिमोट पण गेला, तोही पहिलाच, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाती पहिला रिमोट आला आणि बंद पडला. परत करायला गेले तर दुकानदार म्हणे गेम आयटमला गॅरंटी नसते. असो. तर शक्यतो कंपनीनेच परत काढलेली आवृत्ती घ्या. कॉन्ट्रासाठी कोनामीचं 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' आहे, २०१९ चं, कॉम्प्युटरवर पण चालतं, सेलमधे बऱ्यापैकी स्वस्त पडतं. 'एज ऑफ एम्पायर्स टू' मूळ १९९९ ची, तिची नवी 'डेफिनिटिव्ह एडिशन' २०१९ ला आली आणि २०२२ ला तिच्यात खेळायला बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर या संस्कृती आल्या, जुने 'इंडियन्स' हिंदुस्तानी झाले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९ ची, साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची ती, इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमधेच खेळता येते. आणि घरात जुनी सीडी असेल तर आधी ती लावून बघा, फाईलवर राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटी मोड द्या, म्हणजे गेमला वाटतं जुनंच विंडोज आहे, आणि नव्वदच्या दशकातली गेम असेल तर विंडोज फीचर्समधे लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले, म्हणजे जुन्या गेमना लागणारा विंडोजचा भाग, चालू करा, निम्म्या गेम एवढ्यानेच उठतात.

जुना डबा माळ्यावर सापडलाच तर एक सांगते, कॅसेटमधे फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आणि ती चालायची पण, पण ती चालायची कारण आपण कॅसेट काढून परत नीट बसवायचो, फुंकर नुसती मंत्रासारखी. उलट तोंडाच्या वाफेने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकाडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, वाळू द्या, मग लावा. आणि बंदूक सापडली, ती बदकं मारायची, तर हुरळून जाऊ नका, ती आजच्या टीव्हीवर चालणार नाही. त्या बंदुकीतून काही बाहेर जातच नव्हतं, ती फक्त बघायची. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बंदुकीतल्या सेन्सरला तो पांढरा उजेड दिसला की बदक पडलं. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं, एलसीडीला चित्र दाखवायला जरा वेळ लागतो तेवढ्यात गणित बिघडतं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण लहानपणी दादा बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवून मारायचा आणि मला वाटायचं की ही चिटिंग आहे. होतीच.

टीव्हीच्या सेटिंगमधे 'गेम मोड' असतो तो चालू करा. हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात उशीर लावतो, गेम मोडमधे तो नाद सोडतो. चित्र चौकोनीच ठेवा, ताणून पूर्ण स्क्रीनभर करू नका, सगळे जाडे दिसतात.

चीट, म्हणजे गेम सोपी करणारे लपवलेले कोड, वापरायचे का, यावर घरात भांडणं होतील. माझं मत, वापरा, लाज कसली. कॉन्ट्राचा कोड म्हणजे वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तीसच्या तीस लाईफ. हा कोड मुळात कॉन्ट्राचा नाहीच. काझुहिसा हाशिमोतो म्हणून कोनामीचे एक माणूस 'ग्रॅडियस' नावाची गेम घरच्या मशिनसाठी करत होते, १९८६ ची गोष्ट, आणि तपासायला खेळताना त्यांना स्वतःलाच ती जमेना, म्हणून त्यांनी स्वतःपुरता हा कोड घातला आणि तो आत राहून गेला. म्हणजे ज्याने बनवली त्यालाच झेपत नव्हती, आपलं काय घेऊन बसलात. फक्त एक आहे, दोघांना खेळायचं असेल तर कोडनंतर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावं लागतं. आणि सिलेक्ट कोणाच्या रिमोटवर होतं ते मी वर सांगितलंय. तीस लाईफ मला मिळणार की नाही हे पण दादाच्या अंगठ्यावर होतं.

आता खेळायला बसा. पहिला अर्धा तास मत बनवू नका, कारण पहिल्यांदा हमखास वाटतं की एवढीशीच होती? हो, एवढीशीच होती. कॉन्ट्राच्या आठ स्टेज, न मरता खेळलं तर अर्ध्या तासात खेळ खल्लास, आणि आपले अख्खे तीन उन्हाळे गेले. 'सुपर मारिओ' अख्खी चाळीस केबीची, आज व्हॉट्सअपवर येणारा सुप्रभातचा फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकच चित्र ठेवलंय, फक्त रंग वेगळा, एकदा दिसलं की परत न दिसणं अवघड.

आणि हे नीट बघा, कारण आता आपण मोठे आहोत आणि आता दिसतं की त्या गेम शिकवायच्या कशा. मारिओची पहिली स्टेज घ्या. डावीकडे मारिओ, उजवीकडे सगळी मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं हे न सांगता कळतं. मग समोरून तो तपकिरी प्राणी चालत येतो, काही केलं नाही तर मरता, उडी मारली तर वाचता, आणि मेलात तरी नुकसान काय, सुरुवातीलाच मेलात. मग प्रश्नचिन्हाच्या चौकोनातून मशरूम निघतं, आपल्याला वाटतं हा पण शत्रू, पळायला बघतो, पण ते पुढच्या पाइपला आपटून उलटं आपल्याकडेच येतं आणि वर विटा असल्यामुळे उडी मारून सुटता पण येत नाही. लागतं, आणि आपण मोठे होतो. एक अक्षर न वाचता चार धडे. आम्हाला तर त्या वयात इंग्लिश येत पण नव्हतं, 'गेम ओव्हर' एवढंच यायचं, तेही स्पेलिंगसकट पाठ होतं.

ज्यांच्या गेम ऑनलाईन होत्या त्यांचं जरा अवघड आहे. माझा मावसभाऊ लॉकडाऊनमधे पबजी खेळायचा, चौघांचा स्क्वाड, एक सोलापूरला एक नाशिकला, २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि संपलं. २०२१ मधे बीजीएमआय म्हणून परत आली, नकाशा तोच, पण तोपर्यंत चौघांची कॉलेजं, नोकऱ्या सुरू. अशी गेम परत लावून काही मिळत नाही, त्यापेक्षा त्या चौघांना एक रविवार कॉलवर घ्या आणि काहीही खेळा, लुडो पण चालेल. स्क्रीनशॉट जुन्या फोनमधे असतील ते काढून ठेवा, फोन भंगारात जायच्या आधी.

आता लिहायचं. हो, लिहायचंच, चार ओळी का होईना, नाहीतर हा सगळा उद्योग नुसता टाइमपास होतो. टाइमपासही वाईट नाही म्हणा. पण लिहायला बसलात तर 'ते दिवस किती छान होते' हे वाक्य आलं की खोडा. ग्राफिक्स, स्टोरी, गेमप्ले असे कप्पे करून मार्क देऊ नका, ते काम दुसरे लोक करतात. एकच प्रसंग घ्या आणि हळू चालवा. माझ्या वहीत पहिलं वाक्य होतं की कॉन्ट्राने मला टीमवर्क शिकवलं. धादांत खोटं. खोडून लिहिलं की दादा वर चढायचा आणि मी स्क्रीनच्या खाली जाऊन मरायचे आणि तरी दर वर्षी मे महिन्यात मला मिरजेलाच जायचं असायचं. हे लिहिल्यावर मग पुढचं सुचत गेलं. हॉस्टेलला एज ऑफ एम्पायर्समधे मी कायम आधी चारी बाजूंनी भिंत का बांधायचे, पोरी हल्ल्याला निघायच्या आणि मी आत शेती करत बसलेली, सगळ्या हसायच्या. भिंतीच्या आत मला कोणी खाली सोडून वर जाऊ शकत नव्हतं ना. एवढं साधं होतं ते, आणि मी त्याला स्ट्रॅटेजी म्हणत होते.

जुनी गेम नसेलच तर नवी घ्या, काही बिघडत नाही. 'राजी' म्हणून आहे, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची, २०२० ची, भाऊ हरवलेल्या मुलीची गोष्ट, तिला दुर्गेचं बळ मिळतं. मला मारामारी थोडी कंटाळवाणी वाटली पण महाल, जिने, पाण्याची कुंडं बघत मी नुसती चालत बसले. बहीण भावाला शोधतेय यातच मी निम्मी गार झाले होते हे पण आहे.

शेवटचं, एकट्याने खेळू नका. दुसरा रिमोट कोणाच्या तरी हातात द्या. गेल्या दिवाळीत दादा सहकुटुंब आला होता, त्याला म्हटलं चल एक डाव, तर तो म्हणे पाठ धरलीय, तूच खेळ याच्याबरोबर, आणि मुलाला पुढे केलं. दहा वर्षांचा आहे. लॅपटॉप टीव्हीला लावला, गेम मोड चालू, मी निळी, तो लाल. पाण्यातली बुडी मी त्याला शिकवली, दुसरी स्टेज पण पार झाली, आणि धबधबा आला. खरं सांगते, मी ठरवून नाही केलं. अंगठा आपोआप चालला, मी वर वर वर, आणि खालून "आत्या थांब ना, आत्या, अगं थांब" आणि तो मेला. सोफ्यावर दादा उशीत तोंड खुपसून हसत होता. परत लाईफ घेऊन आला, परत मी वर. तिसऱ्यांदा त्याने ओरडणं वगैरे काही केलं नाही, वाकून माझ्या हातातल्या कंट्रोलरवरचं स्टार्ट स्वतःच दाबलं, स्क्रीन थांबली, आणि म्हणाला आता आधी मी जाणार.

मला हे एवढ्या उन्हाळ्यांत एकदाही सुचलं नव्हतं.